गादीवाल्याची मोकळी शाखा

बसा पाहुणे, बसा. दार उघडायला अजून अवकाश आहे. तो दारातल्या यंत्रावरचा माणूस जेवून येईल, तोंड पुसेल, मग खुर्ची पुसेल, मग कुठं आपल्याकडं बघेल. नातवाला जाळीतून आत बघू द्या, पडत नाही तो. आणि हे बाकडं माझ्या हातचं वेल्डिंग आहे, हत्ती बसला तरी कुरकुर करायचं नाही. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गादीची आहे, पण झोप यायची नाही, एवढं वचन देतो.

दारावरचा बोर्ड वाचलात ना? 'गादी-विश्व बालआनंद केंद्र, मोकळी शाखा.' नवीन माणूस हा बोर्ड वाचतो आणि मग आत बघतो. आत काय आहे? झोके आहेत, घसरगुंडी आहे, जुन्या फळ्यांचे किल्ले, टायर, दोरखंड. मधोमध एक दार आहे, नुसतं दार, भिंत नाहीच त्याला. पोरं त्यातून उगाच ये-जा करतात आणि आठवणीनं कडी लावतात. गादी म्हणाल तर एकच, ती घसरगुंडीच्या पायथ्याशी पडलेली. मग गादीवाल्याचं नाव कशाला? तेच तर सांगायचंय.

हे पटांगण माझी बहीण बघते. माझ्याहून धाकटी, पण अख्खी वस्ती तिला आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणतो. लग्न केलं नाही तिनं. आई म्हणायची, हिला पोराबाळांची हौसच नाही. आईचा अंदाज असा कायम अचूक असायचा.

तर पटांगण पालिकेचं. पालिका दर वर्षी थोडे पैसे टाकायची. त्यातून आक्काचा पगार निघायचा, पाण्याचं बिल निघायचं, आणि शेवटी माझं वेल्डिंग. शेवटी म्हणजे, उरलंच तर. पण गाडा चालला होता. दाराला कुलूप होतं, त्याची किल्ली कुठं आहे हे आक्कालाही माहीत नव्हतं. पोरगं आलं की तू कुणाचा, कुठला, असं कुणी विचारायचं नाही. आलास ना? मग खेळ.

आणि इथला एक कायदा होता. कच्चं लिंबू. लहानपणी तुम्हीही खेळला असाल, नाही म्हणू नका, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. एखादं पोर फार लहान, एखादं लंगडतंय, एखादं आजारातून उठलेलं, एखादं आजच आलेलं, ते कच्चं लिंबू. ते खेळात असतं, पळतं, ओरडतं, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. कुणालाच खेळाबाहेर बसवायचं नाही म्हणून पोरांनीच कधीतरी काढलेली युक्ती. हीच एखाद्या साहेबाला सुचली असती तर तिचं उद्घाटन झालं असतं, फीत कापली असती, आणि वर्षभरात बंद पडली असती.

कच्चं लिंबू कोण, हे ठरवायची वकील. काळ्या कोटातली नव्हे हो. ही दहा-अकरा वर्षांची पोरगी. एक वेणी, एक गुडघा कायम सोललेला. भांडण लागलं की दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, थोडा वेळ नखं खायची आणि निकाल सांगायची. निकाल दिला की दिला, मग देव आला तरी बदल नाही. बाप तिचा गवंडी. ज्या इमारतीचं काम चालू तिच्याच तळमजल्यावर ह्यांचा संसार. इमारत पुरी झाली, भिंतीला रंग लागला, की ह्यांनी भांडीकुंडी उचलायची आणि पुढच्या खड्ड्याकडं निघायचं. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यानं पत्ता दिला, स्वतःला एकही नाही. एवढं ध्यानात असू द्या.

मग आमच्या नशिबाला नवीन साहेब आले. तरुण, हुशार, बूट असे चकचकीत की पोरं त्यात तोंड बघायला वाकली. साहेबांनी आक्काला, मला आणि आसपासच्या आयांना झाडाखाली बसवलं आणि योजना समजावली. योजनेचं नाव, 'माझा खेळ, माझी निवड'.

"आत्तापर्यंत काय व्हायचं," साहेब म्हणाले, "मूल येवो न येवो, पैसा पटांगणाला मिळायचा. आता तसं नाही. आता पैसा मुलाच्या मागे धावणार. प्रत्येक मुलाला कूपन, तेही घरपोच. आईबाप निवड करतील. जिथे कूपन जाईल, तिथे पैसा जाईल."

"घरपोच?" आक्का म्हणाली.

"अगदी दारात."

"आणि दारच नसलं तर?"

साहेब हसले. दातांचे डॉक्टर हसतात ना, मुळीच दुखणार नाही असं सांगताना, तसं. "अशी थोडी मुलं असणारच. त्यांनी अर्ज करायचा."

"अर्जाचं उत्तर कुठल्या पत्त्यावर येणार?"

"ते टप्पा दोनमध्ये घेतलंय, आक्का."

टप्पा दोन. पाहुणे, टप्पा दोन हे एक असं गाव आहे की तिथं अजून एकही गाडी पोचलेली नाही. पण तिकिटं सगळ्यांना मिळतात.

मग साहेबांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कूपन नसलेलं मूल आत सापडलं की त्या जागेची मान्यता रद्द, मग पैसा बंद आणि दारही बंद. दोन, एका कुपनावर एक सोबती फुकट. म्हणजे आजी-आजोबा, नाहीतर सांभाळणारी बाई, ज्यांना मुलाबरोबर थांबायचं असेल ते. "बघा, किती बारीक विचार केलाय," साहेब म्हणाले. केला होता खरा.

मला मात्र त्या पैशाचंच कौतुक वाटत होतं. ह्या पटांगणात पोरांच्या मागे मी आया धावताना बघितल्यात, कुत्री धावताना बघितलीत, एकदा मधमाशांचं अख्खं मोहोळ धावलं होतं. पैसा काही कधी धावताना दिसला नव्हता. म्हटलं चला, म्हातारपणी तेही बघून घेऊ.

मग निवड सुरू झाली. आणि काय एकेक निवडायला होतं म्हणून सांगू. आमच्या नाक्यावरच्या केस कापणाऱ्याकडं मोटारीसारखी एक खुर्ची होती, पोरांनी हलू नये म्हणून. त्याला मान्यता मिळाली, 'वाहन-क्रीडा'. कूपन द्या, स्टिअरिंग फिरवा, केस कापून घरी जा. गणिताच्या क्लासवाल्यानं बोर्डावर फक्त 'आनंद' हा शब्द वाढवला, तोही मान्य. पोरं तिथून आनंद घेऊन बाहेर पडायची ती डोळे पुसतच.

आईबापांना तरी काय बोलणार? समोरच्या इस्त्रीवाल्या बाईला आक्कानं विचारलं, "कूपन इकडं का नाही दिलंस गं?"

ती म्हणाली, "अहो आक्का, पटांगण तर फुकटच आहे. तिथं कशाला कूपन वाया घालवू? गणिताला दिलं. खेळायला इकडंच पाठवते ना."

बाई मनापासून बोलत होती. आणि अशाच सगळ्या बाया मनापासून बोलत होत्या. एवढ्या वर्षांत कुणी दारात काही मागितलंच नाही, त्यामुळं हे पटांगण चालायला पैसा लागतो हे कुणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. झाडाला कोण पगार देतं का, तसं.

इकडं दारावर हे यंत्र बसलं. कूपन टेकवलं की हिरवा दिवा, नाहीतर लाल दिवा आणि वर बोंब. किल्लीही सापडली, साहेबांनी नवीनच करून आणली. पहिल्या दिवशी पोरांची झुंड आली आणि दारात अडली. ह्याचं कूपन गणितात, त्याचं केसात. आक्का दाराला हात लावून उभी. तिला नाही म्हणता येईना आणि हो म्हणता येईना.

तेव्हा वकील पुढं आली. थोडी नखं खाल्ली. म्हणाली, "आक्का, मी आत आले तर पटांगण बंद. मग सगळेच आउट. त्यापेक्षा मी बाहेर बसते."

निकाल दिला की दिला. चढून बसली ती त्या भिंतीवर, आणि तिच्या शेजारी बाकीची, पाखरं बसतात तशी. आत चार कुपनवाली पोरं एवढ्या मोठ्या पटांगणात पकडापकडी खेळायला लागली. चौघांत कसली पकडापकडी? एक पळतो, तिघं त्याची वाट बघतात. आक्का मग आत थांबेना. खुर्ची बाहेर आणून भिंतीखाली बसायला लागली. ती आतली नोकर आणि बसायची बाहेर. मी म्हटलं, तुझीच मान्यता रद्द होईल. म्हणाली, "होऊ दे."

आता गादीवर येतो.

गादीवाला म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही. पण जन्मभर झोप विकली त्यानं, त्यामुळं जागा माणूस दिसला की त्याला आपलं नुकसान झाल्यासारखं वाटतं. चौकात त्याचं काचेचं दोन मजली दुकान. गाद्या खपेनात, ढीग नुसते चढत चाललेले. योजना ऐकल्याबरोबर ह्यानं वरच्या मजल्यावर फुगे बांधले, गाद्या जमिनीवर मांडल्या आणि पाटी लावली, 'गादी-विश्व बालआनंद केंद्र'. मान्यता पहिल्या झटक्यात. साहेब म्हणाले, ह्याला म्हणतात कल्पकता.

गाद्यांची प्लास्टिकची कव्हरं मात्र तशीच. कव्हर काढायचं नाही, फाडायचं नाही, बूट काढायचे, मोजे घालायचे. पुढं विकायच्या होत्या ना त्या. मोजे आणि प्लास्टिक म्हणजे पाय सटकायचीच सोय. बरं, वेळ ठरवून एकेक पोर आत सोडायचं, गर्दी नको म्हणून. पोर यायचं, दोनचार उड्या मारायचं आणि बसायचं.

"आता काय?" पोर विचारायचं.

"आता त्या गादीवर उड्या मार," साडू सांगायचा.

"मग?"

"अरे, ही फोमची, ती कापसाची. फरक बघ की."

असा तो खेळ. एके दिवशी संध्याकाळी साडू आणि मेहुणी आमच्या घरी आले. साडूचा चेहरा उतरलेला. मी ओळखलं, काहीतरी मागायला आलाय.

"साडूभाऊ, एक काम होतं."

"गादी नको," मी म्हटलं.

"गादी नाही हो. पोरं पाहिजेत."

बायको पाणी घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थबकली. "ह्या वयात?" म्हणाली.

"तसली नाही हो वहिनी. खेळणारी पोरं. माझ्याकडं येतात त्यांना खेळताच येत नाही. उड्या मारतात, बसतात, घड्याळ बघतात. काल एक चक्क झोपलं. आई म्हणाली, बरं झालं, घरी झोपत नाही. आता असं चाललं तर दुसऱ्यांदा कूपन कोण देणार मला?"

"मग आम्ही काय करू?"

"तुमच्या आक्काच्या भिंतीवर एवढी पोरं नुसती बसलेली असतात. येता-जाता बघतो ना मी. माल पडून आहे अगदी."

"माल?"

मेहुणीनं त्याला कोपर मारलं. "भाऊजी, ह्यांना बोलायचं कळत नाही. म्हणायचंय असं, की ती पोरं आली तर आमच्या पोरांना सोबत होईल. कुपनावर एक सोबती फुकट आहेच की. सोबती म्हाताराच पाहिजे असं कुठं आहे योजनेत?"

खरंच नव्हतं. एवढा बारीक विचार केला, पण सोबत्याचं वय घालायचं राहून गेलं.

म्हणजे बघा, पाहुणे. ज्याच्याकडं कूपन होतं त्याला खेळायला कुणी नव्हतं, आणि ज्यांना खेळता येत होतं त्यांच्याकडं कूपन नव्हतं. पैसा पोराच्या मागं धावत गादीच्या दुकानापर्यंत आला आणि तिथं हाश्श करून बसला. आता खेळ उसना मागत होता.

मी आक्काला सांगितलं. ती झोक्याच्या कड्यांना ग्रीस लावत राहिली, ज्या झोक्यावर कुणी बसत नव्हतं. मग म्हणाली, "जाऊ देत. कुठंतरी खेळतील तरी." आणि भिंतीवरच्या वकिलीणबाईंनी निकाल दिला, "जाऊ. पण तिथली सगळी नवीन. ती कच्चं लिंबू."

साडूनं एकेकाचा नियम गुंडाळून ठेवला आणि ही झुंड दुकानात गेली, एकेका कुपनवाल्याचा हात धरून. आणि दुकान जे उठलं, काय सांगू. काचेवर नाकं दाबलेली दिसायला लागली. रस्त्यावर आरडाओरडा ऐकू यायला लागला. कुपनवाली पोरं घरी जायला तयार होईनात. गणितातली कुपनं निघाली आणि गादीत आली, केसांतली निघाली आणि गादीत आली. आक्काच्या पटांगणातली ती चार होती, तीही तिकडं. साडूनं नवा शर्ट घेतला.

साहेब बघायला आले. वरचा मजला पोरांनी गजबजलेला. साहेबांना भरूनच आलं. तिथून ते थेट इथं आले. इथं एकटी आक्का आणि रिकामे झोके.

"बघितलंत आक्का? मुलांनी कौल दिला."

"कौल मी दिला," आक्का म्हणाली. "मी पाठवलीत त्यांना."

"तेच ते. तुम्ही सुद्धा त्यांनाच निवडलंत." हुशार माणसाशी बोलण्यात हाच तोटा, तुम्ही काहीही म्हणा, ते त्याच्याच बाजूनं निघतं. महिनाअखेरीला पटांगणाला कुलूप, आणि जागेवर गाड्या लावायची सोय, असं ठरूनच आले होते ते. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची बदली जन्ममृत्यू नोंदणीत करतो. पंख्याखाली काम आहे."

आक्का म्हणाली, "म्हणजे जन्म बघायचा आणि मरण बघायचं. आणि मधलं कोण बघणार?"

साहेबांनी तेही लिहून घेतलं. सूचना म्हणून.

त्या दिवसापासून आक्का झोक्यांना ग्रीसही लावेना. आपणच फांदी कापायला दिली आणि आपणच तिच्यावर बसलेलो, असं झालं होतं. वकिलीला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांना सगळं कळतं. सांगायची गरज असते ती मोठ्यांना.

महिनाअखेर जवळ आली तशी एक मोठ्या मॅडम येणार असं कळलं. साहेबांच्या वरच्या. गादी-विश्वाचा नमुना बघून तसाच गावोगाव करायचा होता. साडूची धांदल उडाली. जिन्याचा कठडा हलत होता, म्हणून मला बोलावलं. वेल्डिंग उधारीवरच, नातं आहे ना. तर मी जिन्यात बसून कठडा जोडत होतो, साडू फुलं घेऊन खाली दारात उभा, आणि वरच्या मजल्यावर पोरं एकटी. ही चूक फक्त गादीवालाच करू शकतो. त्याला वाटलं, गादीवर ठेवलेली वस्तू जागची हलत नाही.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. एक कुपनवालं पोर मोज्यांमुळं सटकलं आणि त्याचं डोकं आपटलं. वकिलीनं नखं खाल्ली आणि निकाल दिला, कव्हर वाईट. मग काय, सगळ्यांनी मिळून कव्हरं फाडली. सर्रकन. आमच्या पटांगणात दुसरा कायदा असा, की जे पडलंय ते उचलायचं आणि त्याचं काहीतरी बांधायचं. फळी असो, टायर असो. इथं गाद्या होत्या. त्यांनी गाद्या उभ्या केल्या, आडव्या टाकल्या, गल्ल्या केल्या, त्यावर माळा चढवला. असा किल्ला झाला की शिडी लावल्याशिवाय वरचं टोक दिसेना. आणि मग लपाछपी सुरू.

मॅडम आल्या. वयस्कर बाई, गुडघ्यांनी बेजार, जिना चढताना माझ्याच नव्या कठड्याला धरून आल्या. मागं साहेब, मागं साडू, मागं मी. वर बघतो तर काय, सामसूम. एक पोर नाही. नुसता गाद्यांचा डोंगर, आणि काचेकडं तोंड करून एक गुबगुबीत मुलगा डोळे झाकून मोठ्यानं दहा, वीस, तीस म्हणतोय. कुपनवाला होता तो. त्या दिवशीच त्याचं कच्चं लिंबू पिकलं होतं, आयुष्यातलं पहिलं राज्य आलं होतं त्याच्यावर. जग बुडालं असतं तरी त्यानं डोळे उघडले नसते.

"मुलं कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी साडूकडं बघितलं. साडू गाद्यांकडं बघत होता.

मॅडमना धाप लागलेली. त्या समोरच्याच गादीवर टेकल्या. तर खालून हळूच आवाज आला, "मॅडम, जरा सरका ना. हात अडकलाय माझा. आणि बोलू नका, तो शोधेल."

मॅडम दचकून उठल्या. साहेब धावले. मॅडमच्या बुडाखाली पोर म्हणजे काय, नोकरीचा प्रश्न. त्यांनी वाकून गादी ओढली ती नेमकी तळातली. तळातली गादी ओढायची नसते हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत आहे, पण साहेब नवीन. पहिल्यांदा माळा हलला, मग गल्ल्या हलल्या, आणि मग सगळा डोंगर असा सावकाश, मायेनं साहेबांच्या अंगावर आला. बाहेर राहिले फक्त बूट. चकचकीत.

आणि त्या ढिगातून चहूबाजूंनी पोरं उगवली. कापूस केसांत, कापूस नाकात. नाचायला लागली, "साहेब आउट, साहेब आउट."

"नाही," वकील म्हणाली. नाच थांबला. "ते आजच खेळायला लागले. कच्चं लिंबू आहेत ते. काढा त्यांना."

सगळ्यांनी मिळून काढलं साहेबांना. मॅडम भिंतीला टेकून हसत होत्या, चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मग वकिलीला जवळ बोलावलं.

"हे सगळं तू शिकवलंस ह्यांना? तू कुठं शिकलीस?"

"पटांगणात."

"कुठल्या?"

"महिनाअखेरीला बंद होणार आहे त्या."

मॅडम हसायच्या थांबल्या. साहेबांकडं वळल्या. साहेब पोशाख झटकत होते, पण डोकं त्यांचं गादीखालीही चालू असणार. "बंद नाही मॅडम," ते म्हणाले. "तिचा गैरसमज झालाय. ते पटांगण म्हणजे ह्याच केंद्राची... मोकळी शाखा आहे. एकत्र करतोय आपण. प्रशिक्षण तिकडे, केंद्र इकडे."

"असं?" मॅडमनी साडूला विचारलं.

साडू बिचारा गाद्यांचं प्रेत बघत उभा होता. फाटलेली कव्हरं, त्यावर पायांचे ठसे, कापूस बाहेर आलेला. ह्या गाद्यांवर आता पैसे देऊन कुणी झोपणार नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळलं, की हो म्हटलं तर ही पोरं दुकानाबाहेर जातील.

"हो, हो. मोकळी शाखा. चला रे पोरांनो, सगळे मोकळ्या शाखेत. आत्ता. हिला पण घेऊन जा," आणि एक फाटकी गादी स्वतः उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.

अशी वरात निघाली भर रस्त्यातून. पुढं वकील, मध्ये डोक्यावर गादी, मागं कुपनवाली आणि बिनकुपनवाली, कुणाला कोण ओळखू येईना, आणि सगळ्यात मागं तो गुबगुबीत मुलगा, "अरे थांबा, राज्य माझंय" म्हणत. आक्का इथंच खुर्चीवर बसली होती. तिनं बघितलं आणि उठून दार उघडलं. रडली नाही ती. नुसतं म्हणाली, "गादीला ढेकूण नाहीत ना?"

तर असं पटांगण वाचलं. साहेबांचा सत्कार झाला. खासगी कल्पकतेनं एक मेलेलं पटांगण जिवंत केलं, असं भाषण झालं. साडू पहिल्या रांगेत होता, मेहुणीनं फोटो काढले. आता नात्यात कुठं बसला की 'आमचं पटांगण' असं म्हणतो. पालिकेची कचेरी इथून पलीकडच्या गल्लीत. पूर्वी पैसा तिथून सरळ चालत इकडं यायचा. आता तो पोराच्या मागं धावतो, आधी त्याच्या घरी जातो, मग चौकात गादीच्या दुकानात जातो, तिथं जरा आडवा पडतो, साडू त्याच्या अंगावरचं थोडं उतरवून घेतो, आणि मग थकूनभागून आक्काकडं येतो. माझं वेल्डिंग पूर्वीसारखंच शेवटी.

पण टप्पा दोन काही आला नाही. यंत्र आहे तसंच आहे. मग पोरांनीच सोय लावली. ज्याच्याकडं कूपन नाही त्यानं कूपनवाल्याच्या शेजारी उभं राहायचं. कूपनवाल्यानं कूपन टेकवायचं आणि म्हणायचं, 'ही माझ्याबरोबर आहे', 'हा माझ्याबरोबर आहे'. हिरवा दिवा लागतो. सोबती म्हणजे आमचं कच्चं लिंबूच की, दुसऱ्या नावाचं. वकिलीचा बाप आता तिसऱ्या इमारतीवर आहे, पत्ता अजून नाही, पण ती रोज आत असते. म्हणजे जवळजवळ रोज. घोळ कधी होतो माहितीये? एखादं पोर आपल्या आजोबाला घेऊन येतं तेव्हा. एका कुपनावर एकच सोबती. आजोबा आत गेला की तेवढं एक पोर बाहेर राहतं.

ती बघा, भिंतीवर पाय हलवत बसलीय. एक वेणी, सोललेला गुडघा. तीच. बाकीच्यांच्या जोड्या लावून दिल्या तिनं मघाशी, स्वतःसाठी कुणी ठेवलं नाही. आता उरलं ते तुमच्या नातवाचं कूपन, आणि त्यावर सोबती तुम्ही. ती काही मागायची नाही. तिचा निकाल तिनं स्वतःवर देऊन टाकलाय.

आला बघा यंत्रवाला, खुर्ची पुसतोय. पाहुणे, तुम्ही आत जाऊन करणार काय? आतलं बाकडंही मीच केलंय, पण ते डुगडुगतं. इथं सावली आहे, जाळीतून नातू डोळ्यांसमोर राहील, आणि माझ्याकडं गोष्टी आहेत. तुम्ही बसा इथंच. आणि पोराला जरा हाक मारून तेवढं सांगा, की दारात विचारलं तर भिंतीकडं बोट करायचं आणि म्हणायचं, ही माझ्याबरोबर आहे.